बीए करतोय म्हणजे चैन करतोय का?

पत्र थोडक्यात असं आहे. मुलगा वीस वर्षांचा, नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरकडच्या एका खेड्यातला, नागपुरात तिघं मिळून रूम करून राहतात. बीए सेकंड इयर, विषय मराठी साहित्य, इतिहास आणि समाजशास्त्र. घरी साडेचार एकर, मोठा भाऊ आयटीआय करून बुटीबोरीला कंपनीत कंत्राटावर. दिवाळीत घरी गेला तर वडील म्हणाले, "बीए करून का होते? मास्तर तं आता कोणी होत नाई." भाऊ काहीच बोलला नाही, पण रूमचं भाडं तोच पाठवतो. मुलाला वाचायची आवड आहे, झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या नाटकात दोनदा बारीकसं काम केलंय. सिलॅबसमधलं 'वाडा चिरेबंदी' हे नाटक वाचलं त्या रात्री झोप लागली नाही म्हणतो, आज्याच्या तेरवीच्या वेळी घरात जे झालं ते सगळं डोळ्यापुढे आलं. आणि शेवटी लिहितो, "ताई, हे वाचत बसणं म्हणजे भावाच्या पैशावर चैन करणं आहे असं वाटते. सोडून पोलीस भरतीच्या मागं लागू का? का बीए नावापुरतं ठेवून एमपीएससीचा क्लास लावू? खरं सांगा."

बेटा, खरंच सांगते. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'चैन' ह्या शब्दापाशी थांबले. नोकरी लागेल का, हे तू विचारलंच नाहीस. आपल्यासारख्या घरातल्या पोरानं हे शिकावं का, हा तुझा प्रश्न आहे, आणि तो मला गेली कित्येक वर्षं मुलं विचारून राहिली, कोणी तोंडानं, कोणी नुसतं मधेच कॉलेज सोडून.

भाऊ आठ तास मशीनसमोर उभा राहतो, त्याचे पाय दुखतात, म्हणून ते काम. तू नाटक वाचतोस, तुझे डोळे भरून येतात, म्हणून ती चैन. असं गणित तू मनात मांडलंयस. त्रास होतो तेच काम, हे आपल्याकडे शेतकरी घरात लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं आणि त्यात कष्टाचा मान आहे म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही, पण ते गणित तपासून बघायला पाहिजे. त्या रात्री झोप उडाली ते तुझं वाचन झालं. अभ्यास अजून सुरू व्हायचा होता, आणि माझा अंदाज असा की तो तिथंच थांबला, दुसऱ्या दिवशी तू गाईडमधून 'वाडा चिरेबंदीतील कौटुंबिक संघर्ष' ह्या प्रश्नाचं उत्तर पाठ केलं असशील.

आता तेच नाटक घेऊन बघू काय काय करता येतं. ते लिहिणारे महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या परव्याचे, नागपुरात राहिले, इथल्याच कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवलं, नाटक १९८५ चं. घरातला कर्ता गेलाय आणि तेरवीचा खर्च कसा उभा करायचा ह्यावर सगळं घर अडलंय. साहित्याचा विद्यार्थी म्हणून तू बघशील की कोण बोलतं, कोण नुसतं राबतं, वाड्यापुढचा तो गंजलेला ट्रॅक्टर कोणी हलवत का नाही. इतिहासाचा म्हणून विचारशील की ह्या मोठ्या घरांच्या जमिनी गेल्या कशा. आणि इथं तुला लगेच कळेल की वऱ्हाडातल्या वाड्याची गोष्ट तुझ्या गावाला जशीच्या तशी लागू होत नाही, कारण वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा, आणि आपल्या नागपूरकडे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून भरायचा, ती मालगुजारी कायद्यानं गेली १९५१ मध्ये, विदर्भासाठीचा वेगळा कूळ कायदा आला १९५८ चा. मग तुझ्या गावचा मालगुजार कोण होता, त्याचा वाडा आता कोणाकडे आहे? तुझ्या आज्याकडे ती साडेचार एकर आली ती खरेदीनं, कुळानं का वाटणीनं? समाजशास्त्राचा म्हणून तू आज्याच्या तेरवीचा हिशेब मांडशील, किती ताटं उठली, पहिल्या पंगतीला कोण बसलं, पैसे कोणाकडून घेतले, किती टक्क्यानं, फिटले कधी, आणि हे सगळं नको असं घरात कोणाला वाटत होतं पण बोलता आलं नाही. तुझी आई त्यात असेल असं मला उगाच वाटतं.

एका नाटकापासून तू तुझ्या घरच्या कर्जापर्यंत आलास बघ. ही चैन आहे का?

तुमच्या पट्ट्यात मामा तलाव असतात, तुझ्याही गावात किंवा शेजारी एखादा असेलच. पोरं त्यात पोहतात, धानाला पाणी घेतात, पण 'मामा' म्हणजे 'माजी मालगुजारी' हे कितीतरी जणांना माहीत नसतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरच्या पूर्वेकडच्या भागात हे तलाव आहेत, त्यातले कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि मग गाळ कोणी काढायचा, पाण्याची पाळी कोणी ठरवायची हे प्रश्न उरले. तुझ्या गावच्या तलावावर वीस पानं लिहायला तुला नागपूर सोडून कुठं जायची गरज नाही, उलट गावी जावं लागेल. तसंच भिवापुरी मिरचीचं, जीआय टॅग मिळालेली मिरची आहे ती, पण तुझ्या लहानपणी किती घरं लावायची आणि आता किती लावतात हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवलंय का कोणी? आणि भिवापूरहून पवनी किती जवळ, तिथं १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं तर बौद्ध स्तूप निघाले. लोक त्याच रस्त्यानं लग्नाला जातात येतात. आपल्या गावाला इतिहास नाही, इतिहास रायगडावर नाहीतर दिल्लीत असतो, असं आपल्या मुलांना कोणी सांगत नाही पण शिकवायच्या पद्धतीतून तसंच समजतं.

माझंही असंच होतं. आमचे इतिहासाचे सर नोट्स डिक्टेट करायचे, मी तीन वर्षं सुंदर अक्षरात लिहून घेतलं, फर्स्ट क्लास आला, आणि तोवर मी एकही मूळ कागद बघितलेला नव्हता. एमएला असताना ओळखीच्या एका आजोबांनी त्यांच्या घरचा मोडीतला कागद हातात दिला. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घेतात आणि मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जातात, हात शक्यतो उचलायचा नाही, त्यामुळे मला सुरुवातीला ती एक सलग गुंतवळच दिसली. भिंग घेऊन बसायचे, एका संध्याकाळी चार अक्षरं लागायची. तीन आठवड्यांनी एक ओळ सलग वाचता आली, त्यात एवढंच होतं की बैलजोडी एक, इतक्या रुपयांना घेतली. दीडशे वर्षांपूर्वीच्या कोणा शेतकऱ्याचे बैल! मी त्या दिवशी घरी येऊन आईला ते तीनदा सांगितलं. पदवी मला आधीच मिळाली होती पण इतिहास शिकायला मी त्या संध्याकाळी लागले असं मला अजून वाटतं.

आणि ह्याला बाजारात किंमत नाही असंही समजू नको. २०२३ मध्ये राज्यभर जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली होती. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, परीक्षा घेतं, फार पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते. नागपुरात पुराभिलेखागार आहे, मानवशास्त्र सर्वेक्षणाचं केंद्र आहे, आणि देशभरातल्या अरबी-फारसी शिलालेखांचं काम बघणारी पुरातत्त्व खात्याची शाखासुद्धा आपल्याच गावात आहे. ह्या इमारतींवरून आपण रोज गाडी काढतो. आत काय चालतं ते विचारायला बीएचा विद्यार्थी गेला तर कोणी हाकलत नाही, ओळखपत्र आणि कॉलेजचं पत्र घेऊन जा फक्त.

आता तुझे पर्याय. पोलीस भरतीला बारावी पास लागते, ५० मार्कांचं मैदान आणि १०० मार्कांची लेखी. त्यासाठी बीए सोडायची गरजच नाही, सकाळी धावायला जा आणि अकराला कॉलेजला जा. मन असेल तर दे भरती, त्यात काही कमीपणा नाही, पण मन नसताना केवळ वडिलांच्या एका वाक्यावर देऊ नको, मैदानावर तुझ्याबरोबर धावणाऱ्यांत ज्यांचं ते स्वप्न आहे अशी पोरं असतात आणि ती तुझ्या पुढे जातील.

एमपीएससीचं बघ. राज्यसेवेला पदवी लागतेच, म्हणजे बीए सोडलं तर ते दारही बंद. आणि मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, नुसते पर्याय खूण करून भागत नाही, लिहावं लागतं. यूपीएससीला मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो, त्याचे ५०० मार्क, मुख्य परीक्षेच्या १७५० पैकी. म्हणजे बीए 'नावापुरतं' ठेवून तू ज्या परीक्षेमागे जाणार तिलाच हे लागतं, मुद्देसूद लिहिणं, कागद वाचून त्यातलं खरं काय ते काढणं, समाज कसा चालतो हे समजणं. क्लास लावायचा तर थर्ड इयर झाल्यावर लाव, आणि लावायच्या आधीच किती अटेम्प्ट देणार ते वहीत लिहून ठेव, मी म्हणेन दोन किंवा तीन, आणि ती वही भावाला दाखव. पुण्याच्या सदाशिव पेठेत नाहीतर आपल्या नागपूरच्या महाल भागात, अठ्ठाविशी ओलांडून 'बस ह्या वेळी होईल' म्हणत बसलेली मुलं मी बघितली आहेत, त्यांच्या आयांचे फोन मला येतात, ते ऐकवत नाही.

मास्तर होण्याबद्दल तुझे बाबा पूर्ण चूक नाहीत. शाळेसाठी बीएड, मग टीईटी आणि टेट ह्या शिक्षकांच्या परीक्षा, आणि मग भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट. कॉलेजला एमए आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा, आणि त्यानंतरही कितीतरी लायक माणसं तासिका तत्त्वावर, तासाला मोजून पैसे, सुट्टीत काहीच नाही. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण नेटमध्ये जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर संशोधनाला महिन्याला ३७ हजार मिळतात, ती परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि ती गाईडवर निघत नाही. केंद्रीय विद्यापीठांत एमएला सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं, फी परवडते, हॉस्टेल मिळायची शक्यता असते. हैदराबाद, दिल्ली लांब वाटत असेल तर वर्ध्याचं हिंदी विश्वविद्यालय आहेच, पाऊण-एक शे किलोमीटरवर, तिथं नाटकाचंही शिक्षण आहे.

आणि नाटक. ह्याविषयी तू दोनच ओळी लिहिल्यास, तेही जरा लाजत. का रे? दिवाळीनंतर धान निघालं की होळीपर्यंत झाडीपट्टीत रात्ररात्र नाटकं चालतात, वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं केंद्र, तिथं कंपन्यांची ऑफिसं, बुकिंग, नेपथ्य, लाईट, संगीत, सगळ्यांचं पोट त्यावर. मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक, पाहुण्यांनी घर भरलेलं, कितीतरी सोयरिकी त्याच गर्दीत जुळतात. ह्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. एवढी मोठी, तिकीट काढून बघितली जाणारी रंगभूमी तुझ्या घरापासून दोन तासांवर आहे, तू तिच्यात उभा राहिलायस, आणि तुला वाटतं हा अभ्यास दुसरीकडे कुठंतरी असतो. मी एकदा भंडाऱ्याकडे अशा नाटकाला गेले होते तर समोर बसलेल्या प्रॉम्प्टरकडेच बघत बसले. अंगावर शाल, हातात वही, तो वाक्य अर्ध्या आवाजात टाकायचा आणि नट ते उचलून शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा, मधला श्वास चुकला नाही कुठं. रोज वेगळं गाव, कधी वेगळं नाटक, तालमीला वेळ थोडा, त्यामुळे सगळा भार त्या माणसावर. पहाटे कडाक्याच्या थंडीत तो आवाज बसला तरी वही खाली ठेवत नव्हता. त्याच्यावर कोणी एमएचा प्रबंध लिहावा असं मला तेव्हापासून वाटतं, अजून लिहिणारा भेटला नाही.

पुढं दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा विचार असेल तर तिथं पदवी आणि सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात, कोर्स तीन वर्षांचा. म्हणजे इथंही बीए पूर्ण करायलाच पाहिजे, आणि तुझी दोन नाटकं झालीत, तारखा, गावं, नाटकाचं नाव, तुझी भूमिका, हे लिहून ठेव, हँडबिल सांभाळून ठेव. राज्य नाट्य स्पर्धेचं नागपूर केंद्र असतं, तिथल्या एखाद्या संस्थेत बॅकस्टेजला जा, खिळे ठोकायला मिळाले तरी जा.

पैशाचं बोलू या, कारण दुखणं तिथंच आहे. तुझा प्रवर्ग मला माहीत नाही, पण हॉस्टेल न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार, स्वयं, ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार अशा योजना प्रवर्गानुसार आहेत, राहण्या-खाण्याचे पैसे खात्यात येतात. कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या खिडकीवर गर्दी असते म्हणून परत येऊ नको, समाजकल्याणच्या ऑफिसला जाऊन विचार, तारीख निघून जाते आणि मग मुलं वर्षभर हळहळतात. कॉलेजात कमवा आणि शिका असेल तर लायब्ररीचं काम माग, पुस्तकं लावता लावता अर्धं शिक्षण होतं. मराठी टायपिंग येत असेल तर युनिकोडमध्ये चांगलं टाइप करून शुद्धलेखन तपासून देणाऱ्याला ह्या गावात काम मिळतं. भाड्याचा तिसरा हिस्सा जरी तू स्वतः भरलास ना, तर 'चैन' हा शब्द आपोआप बारीक होईल.

आणि भावाशी बोल रे. तो गप्प राहिला म्हणजे त्याला तू ओझं वाटतोस हे तू ठरवलंस, त्यानं म्हटलं नाही. कंत्राटावर आहे तो, त्याच्या नोकरीची खात्री त्यालाच नसेल, कदाचित घरातलं एक पोरगं तरी वेगळं काही करून राहिलं ह्याचा त्याला आधार वाटत असेल, कदाचित खरंच रागही असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही. सुट्टीच्या दिवशी बुटीबोरीला जा, त्याच्या कंपनीच्या गेटपासून त्याच्या रूमपर्यंत त्याच्यासोबत चालत ये, आणि त्याला त्या नाटकाची गोष्ट सांग. आज्याच्या तेरवीला तोही होता ना.

ह्याच मुक्कामावर असलेल्या मुलींसाठी थोडं वेगळं सांगते, कारण तुझ्या पत्रासोबत दोन मुलींचीही पत्रं आली. मुलीला बीएला घालताना घरचे सहसा विरोध करत नाहीत, स्वस्त आहे, जवळ आहे, स्वयंपाक आटोपून जाता येतं, स्थळ आलं की सोडता येतं. तिथं भांडण बीएसाठी नसतं, बीए गंभीरपणे करू देण्यासाठी असतं. लायब्ररीत संध्याकाळी सहापर्यंत बसू द्या, फील्डवर्कला दोन दिवस जाऊ द्या, एवढं घरातून मिळवा. एकटीला जमत नसेल तर तिघीचौघी मिळून वाचायला बसा, सीताबर्डीच्या राजाराम वाचनालयात जा, एकीच्या आईला विश्वासात घ्या. आणि आईवडील हे वाचत असतील तर त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की पोरीला किती मार्क पडले हे विचारण्याआधी ती सध्या काय वाचतेय ते विचारा आणि ती सांगेल ते पाच मिनिटं बसून ऐका.

तर बेटा, सोडू नको असं माझं मत आहे. पण आता चालवतोयस तसं चालवूही नको. ह्या सेमिस्टरला गाईड बाजूला ठेवून प्रत्येक विषयाचं एक एक मूळ पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाच, आणि एक काम हातात घे, तलाव घे, मिरची घे, नाहीतर तो प्रॉम्प्टर घे. वर्षभरानंतरही कंटाळाच येत असेल, पुस्तक उघडवत नसेल, तर मला लिही, मग आपण भरतीचं बोलू, त्यात हरलो असं काही मानायचं नाही.

सुरुवात मात्र घरून कर. तेरवीच्या हिशेबाची वही आपल्याकडे कोणी फेकत नाही, लोखंडी पेटीत असेल नाहीतर माळ्यावर. ह्या वेळी गावी गेलास की बाबांनाच काढायला सांग, त्यांच्याच हातचं अक्षर असेल, त्यांनाच वाचून दाखवायला सांग आणि तू लिहून घे. ते चिडतील आधी, मग एखाद्या नावापाशी थांबतील आणि बोलायला लागतील. पहिली नोंद कशाची निघाली ते मला कळव.